सरासरी परवा

मिरज हे असं गाव आहे, की इथे रिक्षात बसल्यावर पत्ता सांगायचा नसतो, आजार सांगायचा असतो. पत्ता रिक्षावाला ठरवतो. आता २०४३ साली रिक्षा आपल्याआपण चालतात, रिक्षावाला कायद्याची अट म्हणून नुसता पुढे बसलेला असतो, त्यामुळे त्याला बोलायला पूर्वीपेक्षा जास्त सवड असते. सुकुमार मगदूम मागे बसले आणि त्यांनी डाव्या कानाच्या पाळीखाली नुसतं बोट ठेवलं.

"लाळेची ग्रंथी," रिक्षावाला म्हणाला. "टिकेकर मॅडमकडं जावा. नाहीतर मुजावर. पण मुजावर सहसा कापत नाहीत."

मगदूम सर म्हणाले, दोन्हीकडून आत्ताच आलोय.

"मग झालं की."

"मॅडम म्हणतात या महिन्यात कापा. मुजावर म्हणतात पुढच्या वर्षी या."

रिक्षावाल्याने मागे वळून त्यांच्याकडे नीट पाहिलं. या गावात एवढी वर्षं काढून पत्ता त्याने गिऱ्हाइकाला विचारावा, असं बहुधा पहिल्यांदाच घडत होतं. मग आता कुठं घ्यायची, त्याने विचारलं. सर म्हणाले, घरी.

मगदूम सर ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत. वय छप्पन्न. उत्तर बरोबर असून पुढे एकक लिहिलं नाही तर अर्धा मार्क कापणारे सर, अशी त्यांची कीर्ती तीन तालुक्यांत होती. एका गाठीला दोन उत्तरं ही गोष्ट त्यांना गाठीपेक्षाही जास्त सलत होती. रिक्षात, वर्गात, जेवताना त्यांचं बोट आपोआप कानाखाली जायचं आणि सुपारीएवढी ती गाठ चाचपून परत यायचं, जणू मधल्या वेळात ती काही बोलली असेल.

गाठींच्या उपचारांचं आता असं झालं होतं, की रोग्यावर काही करायच्या आधी ते त्याच्या प्रतिदेहावर करून बघायचं. नियमच होता. प्रतिदेह म्हणजे पुतळा नव्हे. तुमचं स्कॅन, तुमचं रक्त, गाठीतून सुईने काढलेल्या पेशी आणि तुमच्या तोंडून ऐकलेली हकिगत एवढं घेऊन संगणक तुमची एक जिती नक्कल मांडतो. मग त्या नकलेची हजारो आयुष्यं तो तासाभरात जगून बघतो. काहींत गाठ कापतो, काहींत किरण देतो, काहींत काहीच करत नाही. कोणत्या वाटेने तुम्ही जास्त जगलात आणि बऱ्यापैकी जगलात, त्याचा निकाल डॉक्टरांच्या पडद्यावर येतो. टिकेकर हॉस्पिटलने बंगळुरूच्या कंपनीचा प्रतिदेह घेतला होता, मुजावरांनी पुण्याचा. दोन्ही यंत्रांनी मगदूम सरांना हजारो वेळा जगवलं, हजारो वेळा मारलं आणि परस्परविरुद्ध निकाल दिले.

डॉ. वैदेही टिकेकरांच्या पडद्यावर गाठ भयंकर वेगाने वाढत होती. चांगल्या गाठीला एवढी घाई नसते, त्या म्हणाल्या. सुईच्या तपासणीत 'बहुधा सौम्य' आलं होतं, पण सुई गाठीच्या एका कोपऱ्यात जाऊन येते, बाकीच्या गाठीचं तिला काय माहीत. सगळी ग्रंथी काढावी लागेल, आणि तिच्यामधून चेहऱ्याची नस जाते, तीही. डावी भुवई हलणार नाही, डावा डोळा पुरता मिटणार नाही, ओठाचा डावा कोपरा खाली येईल. "पण तुम्ही असाल," मॅडम म्हणाल्या.

डॉ. इम्तियाज मुजावरांच्या पडद्यावर तीच गाठ सावकाश चालली होती. नसेच्या इतक्या जवळ हात घालायचं काही कारण नाही, वर्षाने बघू, असं त्यांनी सांगितलं. मगदूम सरांनी दोघांनाही तो नेहमीचा प्रश्न विचारला, की माझ्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं. पण त्या प्रश्नाचं उत्तर देणं डॉक्टरांना दोन वर्षांपूर्वीच कायद्याने बंद झालं होतं. मॅडमनी भिंतीवरची पाटी दाखवली. मुजावर बारावीला सरांचे विद्यार्थी, त्यांनी पाटी दाखवली नाही, फक्त तिच्याकडे बघितलं.

अर्धा चेहरा गेला तर बिघडलं काय, असं अण्णांनी विचारलं. अण्णा म्हणजे सरांचे थोरले भाऊ, हळदीचे व्यापारी. तसा तो चेहरा दोन्ही बाजूंनी पूर्ण असतानाही कुणी वळून पाहिला नव्हता, हे अण्णांचं म्हणणं खोटं नव्हतं. पण वळून न पाहणाऱ्यांत सरांची बायको नव्हती. त्रिशलाला ऐकू येत नसे. लहानपणच्या तापात कान गेले ते गेलेच. ती दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. कवळ्या आता यंत्रं छापत, पण त्यांना माणसाच्या दातांसारखा किंचित वाकडेपणा आणि पिवळेपणा देण्यासाठी अजून माणूस लागे. चेहऱ्यातला केसभर फरक तिला लांबून दिसायचा.

नवराबायको खुणांनी बोलत. ऐकणाऱ्यांना वाटतं, खुणांची भाषा हातांत असते. त्रिशलाच्या घरात अर्धी भाषा चेहऱ्यावर होती. 'अण्णा येणार' ही हातांची खूण तीच. भुवया वर गेल्या तर तो प्रश्न. कपाळ आक्रसलं तर ती तक्रार. आणि एकटी डावी भुवई वर जाऊन ओठाचा डावा कोपरा आत दुमडला, तर म्हटलं असेल त्याच्या बरोब्बर उलटं समजायचं. मगदूम सरांचा सगळा तिरकसपणा त्या डाव्या अर्ध्यात राहायचा, आणि सरांमध्ये तिरकसपणा वजा करून फारसं काही उरत नाही, असं त्यांच्या सहकाऱ्यांचं मत होतं. त्यांच्या खुणांत 'अहो' नव्हतं. लग्नाच्या पहिल्या दिवसापासून दोघं एकमेकांना 'तू' म्हणत होते. अण्णांना खुणा येत नसल्यामुळे ते खपून गेलं.

तर प्रश्न असा होता: बायकोशी असलेलं बोलणं घालवून जगायचं, की बोलणं राखून जिवाची जोखीम घ्यायची.

पुढचे पंधरा दिवस सर एका जागी बसले नाहीत. सांगलीला जाऊन तिसरं मत घेतलं. ते म्हणालं, किरण द्या. चौथं म्हणालं, तिसऱ्याकडे जायलाच नको होतं. अण्णांनी बेळगावच्या एका वैद्यांचं पाचवं आणलं, त्यात एरंडाचं पान होतं. स्टाफरूममध्ये प्रत्येकाच्या मेहुण्याला अशीच गाठ होती, आणि प्रत्येक मेहुणा वेगळ्याच उपायाने बरा झाला होता. सर वर्गात फळ्याकडे तोंड करून उभे राहत आणि शिकवायचं विसरून जात. घरी त्रिशलाने विचारलं, की काय ठरलं, तर डावी भुवई वर करून सांगत, फार छान चाललंय. ती हसायची. दोघांचं वर्षानुवर्षं असंच चाललं होतं.

मग त्यांच्यातला मास्तर एकदाचा जागा झाला. उत्तरं दोन आली तर आधी दिलेली माहिती तपासायची, हे ते पोरांना सांगत आले होते. त्यांनी दोन्ही प्रतिदेहांचे आलेख मागवले आणि जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. वाढीची रेषा काढायला निदान दोन बिंदू लागतात. आजचा बिंदू दोन्हीकडे तोच होता, सुपारीएवढा. पहिला बिंदू, शेंगदाण्याएवढा, मात्र वेगळ्या जागी होता. टिकेकरांच्या कागदावर तो सहा आठवड्यांपूर्वी होता, मुजावरांच्या कागदावर दोन वर्षांपूर्वी. एकीकडे रेषा शिडीसारखी उभी, दुसरीकडे चटईसारखी आडवी. बाकी सगळं सारखं होतं.

सर मुजावरांकडे गेले आणि विचारलं, हा पहिला बिंदू यंत्राला कुणी दिला.

मुजावरांनी हकिगतीचं ध्वनिमुद्रण लावलं. यंत्राचा गोड आवाज विचारत होता, गाठ पहिल्यांदा कधी जाणवली. मग सरांचा स्वतःचा आवाज, घाईतला: "ती होय, परवा. दाढी करताना हाताला लागली. शेंगदाण्याएवढी."



"परवा म्हणजे परवा नव्हे रे," सर म्हणाले.

"ते यंत्राला माहीत आहे सर. पुण्याचं आहे." मुजावरांनी समजावून सांगितलं. पुण्याच्या कंपनीने काही हजार मराठी रोग्यांचे परवा गोळा करून त्यांच्या जुन्या तपासण्यांशी ताडून पाहिले होते. तिशीतल्या माणसाचा परवा सात-आठ महिने मागे असतो. पन्नाशीनंतरचा सरासरी परवा दोन वर्षांचा. यंत्राने वय बघून तो बसवला होता. टिकेकरांकडेही सरांनी परवाच सांगितलं होतं, पण बंगळुरूच्या यंत्राला असलं काही शिकवलेलं नव्हतं. त्याने शब्दकोश बघून परवा म्हणजे दोन दिवस धरले. मग शेंगदाण्याची सुपारी दोन दिवसांत होत नाही हे त्यालाही कळलं, म्हणून शरीराला शक्य असेल तेवढा कमीत कमी काळ त्याने घेतला. ते सहा आठवडे.

"तुमचा खरा परवा कधीचा, सर?"

मगदूम सरांना आठवेना. हाताला लागली होती, बेसिनसमोर उभे होते, बाहेर कुणीतरी लवकर आवरा म्हणत होतं. एवढंच.

"तुम्ही एकक नाही म्हणून माझे अर्धे अर्धे करून साडेतीन मार्क कापले होते," मुजावर म्हणाले. त्यात राग नव्हता. पण आकडा पाठ होता.

घरी येऊन सरांनी त्रिशलाला विचारलं. ती भांडी पुसत होती. फडकं खाली ठेवून तिने दोन्ही हात मोकळे केले आणि म्हणाली, श्रेणिकच्या लग्नात.

श्रेणिक म्हणजे अण्णांचा मुलगा. सरांनी अण्णांना फोन केला. अण्णा म्हणाले, श्रेणिकचं लग्न तर परवा झालं. मग मागून कुणीतरी काही बोललं, आणि अण्णा जरा दमाने म्हणाले, की श्रेणिकची मुलगी तिसरीत आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. लग्नाचे फोटो शोधून पाहिले. प्रत्येक फोटोत सरांचा डावा गाल, कानाखाली, अगदी किंचित भरलेला होता. सांगितल्याशिवाय दिसणार नाही, एवढाच.

"मी तेव्हाच दाखवलं होतं," त्रिशला म्हणाली. तिचे हात नेहमीपेक्षा सावकाश चालत होते. "पंगतीत. इथं काय झालंय म्हणून विचारलं. तू म्हणालास, बुंदीचा लाडू ठेवलाय, रात्री खाईन."

सरांना तेही आठवत नव्हतं. पण असं आपणच म्हणणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

"दुसऱ्या वर्षी पुन्हा विचारलं. तू म्हणालास, अक्कलदाढ उलटी उगवलीय. मी हसले." तिने फडकं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं. "तुझी भुवई हसायला सांगते, म्हणून मी हसते. मला दिसतं, तरी मी भुवईचं ऐकते."

 

नऊ वर्षांचा आकडा दोन्हीकडे कळवला. दोन्ही यंत्रांनी सरांना पुन्हा पहिल्यापासून जगवलं. आता पहिला बिंदू एकाच जागी होता, म्हणजे निकालही एकच येईल, असं गृहीत धरून सर आधी टिकेकरांकडे गेले.

मॅडमचा चेहरा उजळला होता. नऊ वर्षांत एवढीशी वाढ म्हणजे गाठ आळशी आहे, त्या म्हणाल्या. उगाच नसेला हात लावण्यात अर्थ नाही. दर सहा महिन्यांनी बघत राहू. सर इतके हलके झाले, की त्यांनी रिक्षा न करता मुजावरांपर्यंतचं अंतर चालत कापलं.

मुजावर दारातच म्हणाले, "सर, काढून टाकू."

गाठ सौम्य असली तरी ती जितकी जुनी, तितकी ती बिघडण्याची शक्यता जास्त. दोन वर्षांच्या गाठीला थांबता येतं, नऊ वर्षांच्या नाही. आज ती नसेपासून सोडवून काढता येईल. दहांतल्या सातांची नस वाचते. उद्या ती बिघडली, तर नस काय आणि बाकीचं काय. मुजावरांनी हे सगळं आलेखावर दाखवलं, आणि त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. टिकेकरांच्या बोलण्यातही नव्हतं.

"म्हणजे माहिती दुरुस्त केल्यावर तुम्ही दोघांनी फक्त जागा बदलल्या."

"माहिती तीच आहे सर," मुजावर म्हणाले. "आमच्या यंत्राला बिघडण्याची भीती जास्त घातलीय. त्यांच्या यंत्राला नस जाण्याची. कशाची भीती किती धरायची, ते कुठल्या तपासणीत येत नाही. ते कंपनीने बसून ठरवलेलं असतं." मग ते म्हणाले, "तुमच्या बाबतीत ते तुम्हीच सांगायला पाहिजे."

पाटीकडे न बघता याहून जास्त बोलणं त्यांना शक्य नव्हतं.

घरी येऊन सर या खोलीतून त्या खोलीत फिरू लागले. त्रिशलाने त्यांच्या ओठांवरून आणि हातांवरून सगळं काढून घेतलं आणि विचार करायला रविवारपर्यंतचा वेळ घेतला. रविवारी सकाळी अंघोळ झाल्यावर तिने त्यांना खुर्चीत बसवलं. तिच्या हातात दवाखान्यातल्या कातडीच्या रंगाच्या चिकटपट्ट्या होत्या. तिने पहिली डाव्या भुवईवरून कपाळापर्यंत ताणून लावली. दुसरी गालावरून. तिसरीने ओठाचा डावा कोपरा खाली ओढून हनुवटीला बांधला. कवळीचं माप घ्यावं तशी दोन पावलं मागे सरून तिने पाहिलं, आणि भुवईवरची पट्टी थोडी सुधारली.

"संध्याकाळपर्यंत," ती म्हणाली. "यंत्राने तुला जगून बघितलं. आता मला बघू दे."

पहिला गोंधळ चहाचा झाला. सरांनी विचारलं, चहा घेणार? प्रश्न उजव्या भुवईपुरता आला, तिला वाटलं, ते सांगताहेत की मी चहा घेणार. तिने एकच कप केला आणि त्यांच्यापुढे ठेवला. मग एका बाजूने पिताना तो सदऱ्यावर सांडला.

अकरा वाजता अण्णा आले. धाकट्या भावाचा चेहरा बघून ते सोफ्यावर बसलेच. "न सांगता करून आलास?" त्यांचे डोळे भरून आले. पट्ट्या आहेत, सराव चाललाय, हे कळल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि बेळगावच्या वैद्यांनी आता एरंडाऐवजी निवडुंग सांगितल्याची बातमी दिली. सरांनी त्रिशलाकडे वळून खूण केली, की अण्णांसारखा विचारी माणूस आपल्या घराण्यात दुसरा नाही. त्रिशलाने मान डोलावली, आत गेली, आणि अण्णांसाठी खास ठेवलेले तिळाचे लाडू घेऊन आली. अण्णा खूश होऊन गेले. सर म्हणाले, अगं तसं नव्हतं म्हणायचं. ती म्हणाली, मला काय माहीत.

दुपारी एकदा भांडणही झालं. त्यांनी सहज म्हटलेलं तिला तोडून बोलल्यासारखं वाटलं, आणि ती उठून आत गेली. सर पट्टीच्या टोकाला नख लावून बसून राहिले. ओढली असती तर सुटली असती. त्यांनी ओढली नाही.

ऊन उतरल्यावर ती बाहेर येऊन समोर बसली आणि तिने सरळ विचारलं, "तुला काय पाहिजे?"

सरांच्या मनात उत्तर तयार होतं. एक मोठी गाडी आणि कायमस्वरूपी उपप्राचार्यपद, असं काहीतरी. पण ते अर्ध्या चेहऱ्याने सांगितलं तर ती गाडीच्या किमती बघायला लागेल. त्यांचे हात वर येऊन तसेच थांबले. मग त्यांनी खूण केली, "मला मरायचं नाही."

सवयीने डावी भुवई वर जायला निघाली. कातडी ताणली गेली आणि भुवई जागची हलली नाही.

त्रिशला हसली नाही. ती पुढे सरकली. "पुन्हा सांग."

"मला मरायचं नाही. फार भीती वाटते. चेहऱ्याची पण वाटते. तुला माझं बोलणं कळणार नाही याची वाटते. पण मरायची जास्त." हात एकदा चालू झाल्यावर थांबेनात. लग्नात दाढी करताना गाठ लागली, तेव्हाही भीती वाटली होती, लाडू म्हणालो, दर वर्षी काहीतरी म्हणालो, असं ते सांगत राहिले. ती सगळं वाचत राहिली, एकही शब्द न चुकता.

तिने त्यांचे दोन्ही हात धरले, म्हणजे त्या घरात तोंडावर हात ठेवण्यासारखंच. थोड्या वेळाने सोडले आणि फोन त्यांच्यापुढे सरकवला.

मुजावरांनी उचलल्यावर सर म्हणाले, काढून टाका. मुजावर सवयीने शक्यता सांगायला लागले, दहांतल्या सातांची, उरलेल्या तिघांची. सरांनी ऐकून घेतलं, आणि तारीख विचारली. दिवस, महिना, साल, तिन्ही.

फोन ठेवून होतो न होतो तोच त्रिशला कामाला लागली. नस राहिली तर राहिली, पण गेली तर तिला आयत्या वेळी अडायचं नव्हतं. भुवईच्या जागी दुसरं काय वापरायचं, ते आत्ताच ठरवू, ती म्हणाली. प्रश्नासाठी उजवा खांदा उचलायचा. तक्रारीसाठी हनुवटी आत घ्यायची. आश्चर्यासाठी दोन्ही पंजे उघडायचे, तेवढं नाटकी चालेल. सरांनी पट्ट्या तशाच ठेवून तिन्ही चार-चार वेळा घोटून घेतल्या. तिने दोनदा चुका काढल्या.

"आणि टोमण्यासाठी?" त्यांनी विचारलं, उजवा खांदा नीट उचलून.

त्रिशलाने त्यावर जरा विचार केला. ते आत्ता राहू दे, ती म्हणाली. अगदीच अडलं तर बघू.